अपंगत्व पेन्शन नाकारली? एएफटीत जाण्याआधी हे कागद काढा

फौजेतून घरी आलेल्या माणसाची अपंगत्व पेन्शन बहुतेक वेळा एकाच शेऱ्यावर अडकते: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एएफटीत, भांडायचं असतं ते या शेऱ्याशी. आज किती दुखतंय हा तिथला मुख्य प्रश्न नसतो. त्यामुळे नवे एमआरआय काढण्यात पैसे घालवू नका, आधी जुने कागद गोळा करा.

पहिला कागद रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे नोकरी सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा, एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म (इन्कम टॅक्सचा फॉर्म १६ नव्हे), आणि तो सगळ्या पानांसकट. नकाराच्या पत्रात फक्त निकाल असतो, कारण बोर्डाच्या कागदात सापडतं. प्रत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंदही त्याच अर्जात मागून घ्या. माझ्या मते सगळ्या गठ्ठ्यात हाच कागद सर्वांत मोलाचा. भरती होताना आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट भरती झाला असं धरायचं आणि आजार सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत, हेही त्यातच आहे. तेव्हा कारणांचा रकाना पेन्सिलने खूण करून ठेवा. तिथे नुसतं 'पीस स्टेशनला (म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरू झाला' एवढंच असेल, किंवा काहीच नसेल, तर वकिलाला आधी ते पान दाखवा. एक मात्र पाहा: २१ सप्टेंबर २०२३ पासून हक्काचे नियम बदललेत. त्यानंतर सुटलेल्यांनी वकिलाशी नव्या नियमांवरच बोलावं.

मग पोस्टिंगचा तक्ता: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, फील्ड की पीस. हृदयविकार असेल तर झटक्याआधीच्या १४ दिवसांच्या ड्यूटीचा तक्ता बोर्डासमोर होता का, तेही तपासा. अपघात असेल तर इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत हवी. सुट्टीवर असताना घरच्या कामात झालेल्या अपघाताची केस लंगडी असते, उगाच आशा लावून घेऊ नका. पूर्ण नोकरी करून सुटलेल्याला बोर्डाने २० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व लावलं असेल तरीही अवघड. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी.

थेट ट्रायब्युनलला जाता येत नाही. आधी खात्याकडे अपील, त्याची पोच जपून ठेवलेली. अंतिम उत्तर आलं की सहा महिन्यांत ओए, म्हणजे ट्रायब्युनलपुढचा मूळ अर्ज, दाखल करायचा. उत्तरच आलं नाही तर अपिलानंतर सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. वर्षं उलटली असली तरी दार बंद होत नाही: विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. तरसेम सिंग खटल्यापासून (२००८) हे चालत आलंय. म्हणून 'पुढच्या दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्याचे दर महिन्याला पैसे जातात.

निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठात जाता येतं, जुन्या युनिटच्या गावी धावायला नको. वकील हवाच अशी सक्ती नाही, तरी मी म्हणेन करा. मसुदा मात्र स्वतः वाचा, आणि मागणीत राउंडिंग ऑफ, म्हणजे अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्यावर धरणं, आहे का ते पाहा. राम अवतार खटल्याच्या २०१४ च्या निकालाने, मुदत पूर्ण करून सुटलेल्यांचेही २० टक्के ५० धरले जातात. मागणीत नसेल तर ते आपसूक मिळेल असं धरू नका.

बोर्डाने अपंगत्व ठरावीक वर्षांपुरतंच लावलं असेल, तर ट्रायब्युनल पुन्हा मेडिकल बोर्डापुढे पाठवू शकतं. अलीकडच्या उपचारांची फाइल कामाला येते ती तेव्हा. ती वेगळी ठेवा.