टाइपचं नाव जुळलं म्हणून कॉलम जुळत नाही

कोडमधल्या टाइपला डेटाबेसच्या कॉलमचा टाइप जोडताना इन्टला इन्टिजर, स्ट्रिंगला (मजकुराला) व्हारचार हे सगळ्यांना येतं, त्यामुळे आकड्यांचं पटकन उरकतो. प्रायमरी कीसाठी (ओळ ओळखण्याच्या क्रमांकासाठी) सरळ ६४ बिटचा बिगइन्ट घ्या आणि जावात लाँग. ३२ बिटची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा सुरुवातीला फार लांब वाटते. पण पुढे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलम रुंद करायचा म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर त्याला लॉक लागतं. जावास्क्रिप्टचा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंतचेच पूर्णांक अचूक धरतो. नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेचा) पोस्टग्रेस ड्रायव्हर बिगइन्ट स्ट्रिंग म्हणून हातात देतो तो याच कारणाने. त्यावर पार्सइन्ट (स्ट्रिंगचा नंबर करणारं फंक्शन) मारून मोकळं होऊ नका.

पैशांसाठी फ्लोट किंवा डबल कधीच नाही. न्यूमेरिक किंवा डेसिमल, आणि जावात बिगडेसिमल, तोही डबलपासून न बनवता स्ट्रिंगपासून बनवलेला. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नुसतं डेसिमल लिहिलंत तर ते १० अंक आणि दशांश शून्य असं धरलं जातं. १२.७५ टाकलं की १३ साठतं आणि एरर येत नाही. पोस्टग्रेसमध्ये नुसत्या न्यूमेरिकला असा त्रास नाही. इंटरनेटवर फिरणारे मॅपिंगचे तक्ते असे फरक सांगत नाहीत, म्हणून मला त्यांचा राग आहे.

आता वेळ. इथे सावकाश चला, कारण यातली चूक एरर देत नाही. महिन्यांनी एखाद्या रिपोर्टचे आकडे जुळेनासे होतात, तेव्हा ती दिसते.

कॉलम ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: हा घडून गेलेला क्षण आहे, की घड्याळात दिसणारी वेळ? ऑर्डर नोंदली गेली, लॉगिन झालं, हे क्षण. त्यांना पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन आणि जावात ऑफसेटडेटटाइम. जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायचं प्रमाण) ४.२ पासून ही जोडी अधिकृत आहे. झोन नसलेल्या लोकलडेटटाइमची जोडी साध्या टाइमस्टॅम्पशी.

नाव काहीही सुचवत असलं तरी टाइमस्टॅम्प विथ टाइम झोनमध्ये झोन साठत नाही. आलेली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वळवून ८ बाइटमध्ये ठेवली जाते आणि वाचताना सेशनच्या (डेटाबेसशी चालू जोडणीच्या) झोनमध्ये दाखवली जाते. साधा टाइमस्टॅम्प याहून घातक. त्यात १० मार्च ००:१५ +०५:३० असं थेट लिहून टाकलं तर मागचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) चुपचाप गळतो आणि नुसतं १० मार्च ००:१५ उरतं. विथ टाइम झोनमध्ये तेच ९ मार्च १८:४५ यूटीसी म्हणून बरोबर साठलं असतं. म्हणजे तारीखच बदलली, आणि ‘दिवसाप्रमाणे बेरीज’ करणारी प्रत्येक क्वेरी चुकली.

उलटी गफलतही होते. लोकलडेटटाइम विथ टाइम झोन कॉलममध्ये ढकलला की सर्व्हर तो सेशनच्या झोनमधला समजतो, आणि पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर सेशनचा झोन जेव्हीएमवरून (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवरून) घेतो. त्यामुळे तोच कोड लॅपटॉपवर एक क्षण साठवतो आणि सर्व्हरवर दुसराच. ‘माझ्याकडे चालतंय’ असं म्हणणारा इथे खोटं बोलत नसतो.

मायएसक्यूएलमध्ये नावं फिरतात. तिथला टाइमस्टॅम्प यूटीसीत वळवतो, डेटटाइम वळवत नाही. शिवाय टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो, म्हणून लांबच्या मुदती त्यात ठेवू नका. सेकंदाचे अंश हवे असतील तर डेटटाइम(६) असं स्पष्ट लिहा. नुसत्या डेटटाइममध्ये २३:५९:५९.९९९ हे पूर्ण सेकंदात वळून दुसऱ्या दिवशीचं ००:०० होतं.

पुढच्या तारखेच्या भेटी हा वेगळा प्रकार. त्यांची वेळ लोकलडेटटाइममध्ये ठेवा आणि झोनचं नाव शेजारी मजकुराच्या कॉलममध्ये. एखाद्या देशाने घड्याळाचे नियम बदलले तर आधीच यूटीसीत वळवलेली भेट तासाने सरकते. वाढदिवसाला फक्त डेट आणि लोकलडेट. तो जावास्क्रिप्टच्या डेटमधून फिरवलात तर यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमध्ये एक दिवस मागे गेलेला दिसेल.

चुकीचा कॉलम आधीच चालू असेल तर घाबरू नका, डेटा बहुतेक वेळा वाचतो. आधी कुठल्या झोनमधून लिहिलं जात होतं ते शोधा. ते यूटीसी असेल तर ऑल्टर टेबलमध्ये टाइप बदलताना यूजिंग आणि अ‍ॅट टाइम झोन ‘यूटीसी’ हे दोन्ही लिहा. ते गाळलंत तर सेशनचा झोन गृहीत धरला जातो आणि सगळ्या ओळी एकदम सरकतात. दोन सर्व्हर वेगवेगळ्या झोनमधून लिहीत असतील तर मात्र हे एका कमांडचं काम नाही. ओळ कुणी लिहिली ते लॉगवरून ठरवावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. नल (किंमतच नाही) येऊ शकणाऱ्या कॉलमवर जेडीबीसीचा गेटइन्ट शून्य परत देतो, तेव्हा लगेच वॉजनल तपासा किंवा इन्टिजर ऑब्जेक्ट मागा. जेपीएमध्ये (जावा ऑब्जेक्ट टेबलात साठवण्याच्या प्रमाणात) ईनम (ठरलेल्या किमतींची यादी) काही न सांगता क्रमांकाने साठतो. मध्ये नवी किंमत घुसवली की जुन्या ओळींचा अर्थ बदलतो, म्हणून स्ट्रिंग सांगा. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ हे अक्षरांचं एन्कोडिंग तीन बाइटचंच आहे. देवनागरी त्यात बसते, इमोजी नाही, म्हणून यूटीएफ८एमबी४. ओआरएमने (ऑब्जेक्ट आणि टेबल जोडणाऱ्या लायब्ररीने) आपोआप बनवलेला स्कीमा (टेबलांची रचना) शिकायला ठीक आहे, पण प्रॉडक्शनवर तो चालवायला सांगणाऱ्या सिनियरचं ऐकू नका.

टेस्टमध्ये जेव्हीएमचा झोन डेटाबेसपेक्षा मुद्दाम वेगळा ठेवा आणि नल, रिकामी स्ट्रिंग, सर्वात मोठा आकडा, इमोजी, २३:५९:५९.९९९९९९ हे सगळं लिहून परत वाचा. वेळेची तुलना तरीही फसली तर आधी अंश पाहा: जावाची वेळ नॅनोसेकंदापर्यंत जाते, पोस्टग्रेसचा कॉलम मायक्रोसेकंदापर्यंतच. साठवण्याआधी जावाची ट्रंकेटेडटू ही मेथड लावून मायक्रोवर छाटा.