फॉर्म्युला ४ चा पहिला हंगाम: या चुका टाळा

कार्टिंगमध्ये (छोट्या, उघड्या कार्टच्या शर्यतींत) सहा-सात वर्षं काढलेला ड्रायव्हर फॉर्म्युला ४ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला १ कडे जाणाऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर, येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वीकेंडपर्यंत त्याच्या तोंडी एक वाक्य बसतं: "गाडी वळत नाहीये." मी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या टीमच्या तळावर) गाडीत नोंदला गेलेला डेटा बघायचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य आधी माझ्या टेबलापाशी येतं. त्याचा आणि टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरचा आलेख एकावर एक ठेवला, की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. गाडी वळायला तयार होती, पण वळण्यासाठी पुढच्या चाकांवर जे वजन यायला हवं ते आलंच नव्हतं. पहिल्या हंगामातली सगळ्यांत महाग चूक हीच. वेग हरवतो एका जागी आणि आपण तो शोधत राहतो दुसऱ्याच जागी.

घोडं पेंड खातं ते ब्रेकवर

साध्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या एक्सलला असतो. सस्पेन्शन नाही, विंग नाही. तिथे ब्रेक हा वेग पटकन मारण्याचा एक छोटा झटका असतो. फॉर्म्युला ४ च्या गाडीला चारही चाकांवर ब्रेक, पुढे-मागे विंग आणि खरंखुरं सस्पेन्शन असतं. डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. त्यामुळे सरळ पट्ट्याच्या टोकाला, गाडी सर्वाधिक वेगात असताना, टायर सगळ्यांत जास्त ब्रेक सोसतात. वेग उतरेल तशी ही ताकदही उतरते. म्हणून पहिल्या क्षणी पूर्ण जोर लावायचा आणि मग वेगाबरोबर पाय हलका करत वळणाच्या आतल्या टोकापर्यंत न्यायचा.

मुरलेल्या ड्रायव्हरचा ब्रेकचा आलेख कड्यासारखा उभा चढतो आणि घसरगुंडीसारखा लांब उतरतो. नवख्याचा आलेख टेकडीसारखा असतो: हळूहळू चढ, मधे गोल माथा, शेवटी धपकन शून्य. त्या टेकडीचा माथा येईपर्यंत वेग उतरलेला असतो, म्हणजे जोर सर्वाधिक आणि पकड कमी, आणि पुढचं आतलं चाक जाम होतं. मग घाबरून पाय एकदम सुटतो, गाडीचं नाक वर उचललं जातं आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो. पुढच्या टायरवर वजन नाही, त्यामुळे गाडी सरळ सरकते. रेडिओवर तक्रार येते: अंडरस्टिअर.

एका वीकेंडला हे प्रकरण आम्ही स्वतःच चिघळवलं. शुक्रवारच्या सरावात पंधरा वर्षांच्या आमच्या ड्रायव्हरने हळू वळणांत पुढचा भाग सरकतोय असं सांगितलं. आम्ही पुढची विंग एक टप्पा वाढवली. हळू वळणात विंगचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे वेगच नसतो. वेगवान वळणात मात्र मागचा भाग सुटायला लागला. तो बिचकला आणि जिथे थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण दाबायचा तिथे सोडायला लागला. मग मागचा भाग शांत करायला अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारी दांडी) बदलला, त्यानंतर ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी). संध्याकाळपर्यंत गाडीत तीन बदल झाले होते आणि लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ सकाळपेक्षा वाईट होती. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याचा ब्रेकचा आलेख मी सकाळीच उघडून त्याला दाखवायला हवा होता, ते मी केलं नाही.

शनिवारी सकाळी गाडी मूळ सेटअपवर (जुळणीवर) आणली आणि त्याला एकच काम दिलं: तिसऱ्या वळणात ब्रेकवरून पाय काढताना मनात एक-दोन-तीन मोजायचे. बाकी लॅप कसाही जाऊ दे. चौथ्या लॅपला त्याच्या आलेखात पहिल्यांदा उतार दिसला, छोटासा आणि थोडा थरथरता. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या टीमच्या थांब्यावर) येऊन हेल्मेट काढायच्या आधी तो म्हणाला, "आत आली." त्या वळणाबद्दल पुढे तक्रार आली नाही.

म्हणून सेटअपला हात लावण्याआधी तक्रार नेमकी कुठे आहे ते ठरवा. फक्त हळू वळणांत, शिरतानाच गाडी वळत नसेल, तर आधी ब्रेक कसा सुटतोय ते बघा. वळणातून बाहेर पडताना पुढचा भाग सरकत असेल, तर स्टिअरिंग सरळ व्हायच्या आधीच थ्रॉटल दाबला जातोय का ते बघा. वळणात शिरताना गिअर उतरवल्या क्षणीच मागचा भाग झटका देत असेल, तर गिअर फार लवकर पडतोय. तोच झटका गिअर न बदलताही येत असेल, तर ब्रेक बायस फार मागे आहे. हळू, मध्यम, वेगवान सगळ्याच वळणांत तीच गोष्ट होत असेल आणि टीममधला दुसरा ड्रायव्हरही तेच सांगत असेल, तर मात्र गाडी उघडा. आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकत्र केले आणि गाडी सुधारली, तरी का सुधारली ते कोणालाच कळत नाही. पुढच्या ट्रॅकवर तुम्ही पुन्हा शून्यावर.

टायर तापवायला आपल्याकडे फक्त रस्ता आहे

या स्तरावर टायर तापवायची ब्लँकेट्स नसतात. थंड टायर घेऊन बाहेर पडायचं आणि ते ट्रॅकवरच तापवायचे. इथे दोन टोकांच्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे बाहेर पडल्या पडल्या गाडी आडवीतिडवी झोकून देणं. यात टायरचा वरचा थर भाजतो आणि आतला गाभा थंडच राहतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: लॅपचा पहिला सेक्टर (तिसरा हिस्सा) झकास, तिसऱ्या सेक्टरमध्ये गाडी साबणावर असल्यासारखी. दुसरी चूक म्हणजे फार जपून तापवणं किंवा टायरमध्ये सुरुवातीचा दाब फार कमी ठेवणं. मग सगळ्यांत चांगली वेळ सहाव्या-सातव्या लॅपला येते आणि तोवर नव्या टायरचा ताजेपणा निघून गेलेला असतो. सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक मारून आणि लगेच वेग घेऊन गाभ्यापर्यंत उष्णता नेता येते. नुसतं डावीकडे-उजवीकडे डुलणं दिसायला छान असतं, पण तेवढ्याने भागत नाही.

दाब मोजायचा तो गाडी पिटमध्ये शिरल्या शिरल्या, टायर गरम असताना. दहा मिनिटांनी मोजलेला आकडा काही सांगत नाही. सकाळी ढगाळ आणि दुपारी कडक ऊन असेल, तर सकाळचाच थंड दाब दुपारी ठेवला की टायर फुगतात, रस्त्याला कमी टेकतात आणि गाडी सगळीकडेच सरकते. ड्रायव्हरला वाटतं त्याचाच हात बिघडला. वहीत प्रत्येक सत्राची वेळ, हवेचं आणि ट्रॅकचं तापमान, थंड दाब आणि गरम दाब लिहून ठेवा. हंगामाच्या मध्यावर ही वही सोन्याची होते.

पावसात टायर कमी तापतात, म्हणून सुरुवातीचा दाब कोरड्यापेक्षा जास्त ठेवावा लागतो. आणि रोजची लाइन (ट्रॅकवरून गाडी नेण्याची नेहमीची वाट) सोडायची तयारी हवी. कोरड्यात जिथे रबर बसून पकड वाढते, तोच पट्टा ओला झाला की गुळगुळीत होतो. कार्टिंगमधून आलेल्यांना हे आधीच ठाऊक असतं, तरी मोठ्या गाडीत बसल्यावर का कोण जाणे विसरतात.

पात्रता फेरीतली गर्दी

सत्र पंधरा-वीस मिनिटांचं, ट्रॅकवर तीस-पस्तीस गाड्या, आणि नव्या टायरचे उत्तम लॅप मोजून दोन-तीन. इथे सगळ्यांना मोकळी जागा हवी असते, आणि लांब सरळ पट्ट्यांच्या ट्रॅकवर पुढच्या गाडीचा "टो" पण हवा असतो, म्हणजे तिच्या मागे हवेचा अडथळा कमी होऊन मिळणारा जादा वेग. २०१९ मध्ये इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) फॉर्म्युला ३ च्या पात्रता फेरीत टोच्या आशेने गाड्या इतक्या रेंगाळल्या, की डझनाहून जास्त ड्रायव्हरना विनाकारण हळू चालवल्याबद्दल ग्रिडवर (शर्यत सुरू होतानाच्या रांगेत) मागे ढकललं गेलं. टो मिळाला तर घ्या, पण त्याच्यावर सगळं सत्र लावू नका. सत्र थांबवणारा लाल झेंडा कधीही येतो. म्हणून आधी एक स्वच्छ, मोजकी जोखीम घेतलेली वेळ पदरात पाडून घ्या.

काही मालिकांमध्ये वीकेंडच्या एका शर्यतीची ग्रिड तुमच्या दुसऱ्या क्रमांकाच्या वेगवान लॅपवरून ठरते. नियमपुस्तकातली ही ओळ न वाचता एकाच चमकदार लॅपवर खूश होऊन पिटमध्ये परतणारे मी पाहिले आहेत. ट्रॅकच्या हद्दीचंही तसंच. चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली की लॅप रद्द. सरावात "इथे तर सगळेच जातात" म्हणून लावून घेतलेली सवय पात्रता फेरीत नडते.

अंक जातात ते पाचव्या क्रमांकावरून

अंक २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे असतील तर साधा हिशेब करा. पाचव्या क्रमांकावरून चौथ्यासाठी अर्धवट संधीवर उडी मारली तर मिळकत २ अंकांची, आणि पुढची विंग तुटली तर नुकसान १० अंकांचं. वीकेंडला तीन शर्यती असतात तेव्हा एका शर्यतीतली तुटफूट पुढच्या दोन शर्यतींवरही पडते, कारण मेकॅनिकांची रात्र दुरुस्तीत जाते आणि गाडी पुन्हा नीट जुळवायला वेळच उरत नाही.

२०२० चा एफआयए फॉर्म्युला ३ चा हंगाम मी नव्या ड्रायव्हरना आवर्जून सांगतो. ऑस्कर पिआस्ट्रीने त्या वर्षी एकही पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) घेतला नाही आणि फक्त २ शर्यती जिंकल्या. तरी मुजेलोच्या शेवटच्या शर्यतीनंतर तो १६४ अंकांसह विजेता होता. थिओ पोर्शेर १६१ वर, लोगन सार्जंट १६० वर. अशा हंगामात कुठल्या तरी विसरलेल्या वीकेंडला धरून ठेवलेला सातवा क्रमांक शेवटी किताब ठरवतो.

कार्टला चारही बाजूंनी बंपर असतात, त्यामुळे थोडी ठोसाठोशी अंगवळणी पडलेली असते. इथे चाकं उघडी असतात. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकावर चढलं तर गाडी हवेत जाते. ओव्हरटेक करताना आत शिरायचं ते समोरच्याच्या आरशात दिसेल इतकं लवकर आणि इतकं पुढे. तसं जमत नसेल तर त्या वळणाला थांबा. पुढे आणखी वळणं आहेत.

वाढतं अंग

फॉर्म्युला ४ मध्ये शर्यत करायला किमान वय १५ वर्षं. म्हणजे हंगाम चालू असतानाच ड्रायव्हरची उंची वाढते! हिवाळ्यात फोम ओतून बनवलेली सीट उन्हाळ्यात खांद्याला आणि नितंबांना टोचायला लागते, गुडघे स्टिअरिंगला लागतात, पाय बधिर होतो. मुलं हे सांगत नाहीत. त्यांना वाटतं असंच असतं. शर्यतीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात ब्रेकचा पहिला जोर दर लॅपला थोडा थोडा कमी होत असेल, तर थकव्याला दोष देण्याआधी सीट तपासा. सीट ठीक असेल तर मात्र तब्येतीकडे वळा. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं. मान, दंड आणि मनगटं हंगामाच्या आधीच तयार हवीत. सिम्युलेटरवर ट्रॅक, गिअर, ब्रेकच्या खुणा उत्तम पाठ होतात. मानेला मात्र तो काही शिकवत नाही.

घाई

सुपर लायसन्ससाठी (फॉर्म्युला १ मध्ये उतरायच्या परवान्यासाठी) ३ हंगामांत ४० गुण लागतात आणि फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला त्यातले फक्त १२ मिळतात. मॅक्स वर्स्टापेन १७ व्या वर्षी फॉर्म्युला १ मध्ये उतरला, त्यानंतर २०१६ पासून वयाची आणि गुणांची अट कडक झाली. तेव्हा पहिल्याच वर्षी सगळं जिंकायचं दडपण मुलांवर टाकू नका. किमी अँटोनेल्लीने ऑगस्ट २०२१ मध्ये १५ पूर्ण केल्यावर त्या वर्षीच्या इटालियन फॉर्म्युला ४ च्या उरलेल्या थोड्या फेऱ्या शिकण्यासाठी वापरल्या आणि २०२२ मध्ये ती मालिका जिंकली. वय मधेच पूर्ण होत असेल तर हा मार्ग चांगला आहे. आणि टीमशी करार करताना अपघाताच्या दुरुस्तीचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, ते वाचून घ्या. चाचणीचे दिवस हंगामाआधीच उडवून टाकू नका, दोन-तीन मध्यावर ठेवा. तोवर काय शिकायचंय ते कळलेलं असतं.

स्ट्युअर्डकडे (नियमभंगाचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) बोलावणं आलं तर चिडून जाऊ नका. कॅमेऱ्याचं चित्रण आणि ब्रेक-स्टिअरिंगचा आलेख घेऊन जा, विचारलं तेवढंच सांगा. अपील करायचं असेल तर तसं लेखी कळवायला निर्णयापासून फक्त १ तास मिळतो, आणि ड्राइव्ह-थ्रूसारख्या (शर्यत चालू असताना पिटमधून हळू गाडी नेण्याच्या) काही शिक्षांवर अपील चालतच नाही.

झेंडे

हे शेवटी लिहितोय, पण ड्रायव्हरला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. सिंगल-सीटरमध्ये तुम्ही जवळजवळ आडवे, रस्त्यालगत बसलेले असता. पुढे गाडी असेल तर तिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. एप्रिल २०१७ मध्ये डॉनिंग्टन पार्कला ब्रिटिश फॉर्म्युला ४ च्या शर्यतीत पुढच्या गाड्या बाजूला झाल्या आणि ट्रॅकवर अडकलेली गाडी बिली मॉन्गरच्या एकदम समोर आली. तो १७ वर्षांचा होता. त्याचे दोन्ही पाय गेले. पुढच्या वर्षी तो ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये परतला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुढचं दिसत नाही, म्हणून मार्शलचे, म्हणजे ट्रॅकलगत उभं राहून झेंडे दाखवणाऱ्यांचे, डोळे हेच तुमचे डोळे. शुक्रवारी ट्रॅकवरून पायी फिरताना प्रत्येक मार्शल पोस्ट कुठे आहे ते बघून ठेवा, वळणांइतकंच नीट. एक पिवळा झेंडा म्हणजे वेग कमी, ओव्हरटेक नाही. दोन पिवळे हलताना दिसले तर थांबायची तयारी. तिथे डेटामध्ये थ्रॉटल सुटलेला स्पष्ट दिसला पाहिजे, नुसता "मी बघितलं होतं" हा खुलासा चालत नाही. स्वतःची गाडी फिरली तर ब्रेक दाबून धरा, म्हणजे ती ट्रॅकवर परत घरंगळणार नाही आणि मागून येणाऱ्याला ती कुठे थांबणार याचा अंदाज येईल. थांबल्यावर आग किंवा दुसरा धोका नसेल तर सीटचे पट्टे सोडू नका, हेल्मेट काढू नका. हात वर करून ठीक असल्याची खूण करा आणि मार्शल येईपर्यंत आत बसून राहा.