ठरावीक लांबीचे, ठरावीक अक्षरांचे इंग्रजी शब्द कसे शोधावेत

मे महिन्यात नागपुरात सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. भाचरं आमच्याकडे प्रतापनगरला येतात, कूलरसमोर चटई अंथरली जाते आणि शब्दकोडी सुरू होतात. "मावशी, येतो मला हा शब्द, पण आठवूनच नाही राहिला," हे मी दिवसातून दहादा ऐकते. परवाचं कोडं असं होतं: पाच अक्षरी शब्द, मधलं अक्षर जी, शिवाय कुठेतरी ओ आणि आर हवेत. भाचीने 'ऑर्गन' पटकन सांगितलं. पण कोड्यात ए हे अक्षर चालणार नव्हतं, त्यामुळे गाडी तिथेच अडली. मग आम्ही कागद घेतला. त्या दुपारी जसं केलं, तसंच इथे लिहिते.

आधी अटी कागदावर उतरवा. पाच अक्षरं तर पाच चौकोन आखा. ज्या अक्षराची जागा पक्की आहे ते चौकोनात लिहा, जागा माहीत नसलेली अक्षरं वर कोपऱ्यात, आणि बाद झालेली अक्षरं खाली, काट मारून. एक गोष्ट विचारून घ्या: एकच अक्षर दोनदा आलं तर चालतं का? बहुतेक कोड्यांत चालतं, आणि नेमका तोच शब्द डोक्यात येत नाही.

आता उरलेली अक्षरं फिरवा. आमच्या कोड्यात जी मध्ये बसला, म्हणजे चार जागा उरल्या. त्यांत ओ आणि आर बसवायच्या रीती बाराच होतात. पहिल्या जागी ओ, दुसऱ्या जागी आर. मग उलट, पहिल्या जागी आर, दुसऱ्या जागी ओ. असं करत बाराही ओळी लिहून काढा. कंटाळवाणं वाटतं, पण दोन-तीन मिनिटांचं काम आहे. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून रिकाम्या जागा भरून बघायच्या. आर-ओ-जी या ओळीवर भाचीचं बोट थांबलं आणि 'रोग' निघाला: आर-ओ-जी-यू-ई, म्हणजे लबाड, बदमाश. दुसऱ्या जागी आर आणि चौथ्या जागी ओ ठेवल्यावर तीन शब्द हाती आले. शाळेच्या रसायनशास्त्रातला 'आरगॉन', ठरावीक गटाच्या बोलीला म्हणतात तो 'आर्गो' (ए-आर-जी-ओ-टी, शेवटचा टी बरेच जण उच्चारत नाहीत), आणि धान्यावर पडणाऱ्या बुरशीचा 'अर्गट', ई-आर-जी-ओ-टी. पहिले दोन ए असल्यामुळे बाद झाले, तरी ते सापडले हे महत्त्वाचं. एका 'ऑर्गन'वर अडलेल्या मुलीकडे अर्ध्या तासात सहा-सात शब्द जमले होते.

'रोग' इतका वेळ का लपून राहिला, हे आपण मराठी माणसांनी नीट समजून घ्यायला हवं. आपलं वाचन बाराखडीवर घडलेलं असतं. जे कानाला ऐकू येतं, तेच आपण लिहितो. 'रोग' म्हटलं की आपला कान र, ओ, ग असे तीनच ध्वनी मोजतो, आणि इंग्रजीत अक्षरं मात्र पाच असतात. म्हणून शोधताना प्रत्येक ध्वनीचे सगळे वेश आठवावेत. 'क' म्हणजे सी, के, सीके, क्यूयू, कधी सीएच. 'फ' म्हणजे एफ, पीएच, कधी जीएच. 'व'साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही तपासा, कारण आपल्या उच्चारात ते एकच होतात. शिवाय 'नाइफ'च्या आधीचा के आणि 'राइट'च्या आधीचा डब्ल्यू असे मुके पाहुणेही असतात. मी मुलांना शब्द मनात म्हणू देत नाही. स्पेलिंग बोटाने हवेत लिहायला लावते.

स्वर कुठे बसतील हे लवकर ठरवलं की बरीच वाट कमी होते. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही चालत नसेल तर वाय शोधा: 'रिदम', 'निम्फ', 'जिप्सी' ही त्याचीच घरं. (यातला 'जिप्सी' जी-वाय-पी-एस-वाय असा लिहितात, दोन वाय.) क्यू आला की त्याच्यामागे जवळजवळ नेहमी यू असतो, म्हणजे एका अक्षरात दोन जागा भरल्या. व्ही शब्दाच्या अगदी शेवटी क्वचितच येतो, त्याच्यामागे ई लागतो. जे शेवटी दिसला तर शब्द बहुधा बाहेरून आलेला असतो. आपला 'राज' इंग्रजीत गेला तो असाच.

लांब शब्दांना टोकाकडून धरावं. सात अक्षरी शब्दाच्या शेवटी आयएनजी बसत असेल तर चारच अक्षरं शोधायची उरतात. ईडी, ईआर, एलवाय हीसुद्धा लावून बघावीत, आणि सुरुवातीला आरई आणि यूएन.

कोणती अक्षरं आधी लावून बघावीत? अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द बनवायच्या स्क्रॅबल या खेळाच्या ठोकळ्यांत याचं उत्तर आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेले न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी हा खेळ रचला. वर्तमानपत्रांत कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्यांनी मोजलं आणि त्यावरून ठोकळे ठरवले. इंग्रजी संचाच्या १०० ठोकळ्यांत ई १२ आहेत, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, तर एन, आर, टी प्रत्येकी ६. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. रिकाम्या चौकोनात याच क्रमाने अक्षरं टाकून बघा. फक्त एसला फसू नका. संचात तो ४च आहे, पण इंग्रजीत तो भरपूर येतो.

सगळीच अक्षरं दिलेली असतील आणि फक्त क्रम लावायचा असेल, तर ती ओळीत न लिहिता गोल लिहा. ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. आमच्या संत्र्याच्या गावात 'ऑरेंज'पासून सुरुवात करणं साहजिकच होतं. त्याच्या सहा अक्षरांतून पाच अक्षरी 'रेंज', 'अँगर', 'ऑर्गन', 'ग्रोन', 'आरगॉन' निघतात. सहाही अक्षरं वापरून 'ऑनेजर' होतो, ओ-एन-ए-जी-ई-आर, म्हणजे एक रानगाढव. भाच्याने तो उलटासुलटा करताना गाठला आणि खरा शब्द आहे यावर त्याचाच विश्वास बसेना.

लपलेला पाच अक्षरी शब्द ओळखायच्या वर्डलसारख्या खेळात प्रयत्न सहाच असतात, म्हणून तिथे वेगळं वागावं लागतं. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी जमली की मुलं फाइट, लाइट, माइट, साइट असं एकेक टाकत सुटतात आणि प्रयत्न संपतात. त्याऐवजी 'फिल्म्स' टाका. त्यात एफ, एल, एम, एस चारही एकाच फटक्यात तपासून होतात.

डोकं चालवून झाल्यावर यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही. वनलुक या शब्द शोधायच्या संकेतस्थळावर प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर; दोन प्रश्नचिन्हं, जी, परत दोन प्रश्नचिन्हं असं टाकलं की मधला जी असलेले पाच अक्षरी शब्द येतात. शब्दांची यादी एक्सेलच्या एका रकान्यात असेल तर कस्टम फिल्टरमध्येही हीच चिन्हं चालतात, आणि दुसऱ्या अटीत 'अमुक अक्षर असलेले' असं सांगता येतं.

सापडलेला शब्द शब्दकोशात बघूनच लिहावा, कारण लांबी स्पेलिंगवर अवलंबून असते. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकतो. त्यात 'व्हिगर' सहा अक्षरी आहे, व्ही-आय-जी-ओ-यू-आर. अमेरिकन रीतीने यू गळतो आणि पाच उरतात. वर्डल अमेरिकन रीतीने चालतो. भाचीच्या कोड्यात 'रोग' बसतो, 'अर्गट' बसतो की पाच अक्षरी 'व्हिगर', हे ठरवायला शेवटी आडव्या शब्दाची वाट बघावी लागली. तिथून चौथ्या घरात यू आला आणि तिने 'रोग' पेनाने लिहिला.