जुन्या सिममधला पुसलेला मेसेज पुराव्यासाठी कसा वाचवावा

ट्रॅक्टरचं भाडं देणं आहे, अशी कबुली देणारा मेसेज बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या मामांनी कीपॅडच्या फोनवरून चुकून पुसला, आणि वैतागून सिमच मोडायला निघाले. मोडू नका हो!

सिममध्ये प्रत्येक मेसेजला 176 बाइटचा एक कप्पा असतो. पहिला बाइट कप्पा भरलाय की रिकामा, मेसेज वाचलेला की न वाचलेला, हे सांगतो. बरेच जुने फोन मेसेज पुसताना तेवढाच बाइट बदलतात, मजकूर मागे तसाच राहतो. नवा मेसेज त्या कप्प्यात येऊन बसला की मात्र गेला. म्हणून आधी फोन बंद करा, बॅटरी काढा, सिम बाहेर घ्या. त्यावरचा 8991 ने सुरू होणारा क्रमांक कागदावर उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटात घालून तारीख-वेळ लिहा, सही करा.

दुसऱ्या फोनात घालून बघायचा मोह आवरा. फोन शेवटी कोणत्या भागातल्या नेटवर्कवर होता, याची नोंद सिममध्ये असते. शिनोळी-निपाणीकडे कधी महाराष्ट्राचा टॉवर लागतो, कधी कर्नाटकाचा. पुन्हा नेटवर्क पकडलं की जुनी नोंद गेली.

पिन अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेला पिन उघडायचा कोड, लागतो, तो दहादा चुकला की सिम कायमचं बंद. पीयूके ओळखपत्र दाखवून कंपनीकडून मिळतो. डुप्लिकेट सिम घेतलंत तर नंबर तोच येईल, जुने मेसेज येणार नाहीत.

पुढचं काम जाणकाराचं. तो कार्ड रीडरने सिमची प्रत घेतो, प्रतीचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच, काढतो आणि मग त्या प्रतीतच शोधतो. मेसेज मराठीत होता हे त्याला आधीच सांगा. देवनागरी अक्षरं दोन-दोन बाइटची, त्यामुळे एका मेसेजात 70 च मावतात. मजकूर लांबला की दोन-तीन कप्प्यांत वाटला जातो. त्यातला एक कप्पा पुन्हा भरला असेल तर वाक्य अर्धंच हाती लागतं.

स्मार्टफोनचे मेसेज बहुधा फोनच्याच मेमरीत असतात, व्हॉट्सॲपचे तर सिममध्ये नसतातच. तिथे सिमच्या मागे लागू नका, फोनच जपा.

कोर्टात नेताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं; हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. प्रमाणपत्राचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश त्यात लिहावाच लागतो. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जा. पंचनामा कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या, सिमचा क्रमांक आपल्या कागदाशी ताडून पाहा, मगच सही करा.