जुनी गाडी घेताना आधी नंबर तपासा, मग बॉनेट उघडा

पुण्यात जुनी चारचाकी बघायला जाणारा माणूस साधारणपणे आधी रंग बघतो, मग एसी लावून बघतो आणि मग गाडी किती किलोमीटर पळाली आहे ते विचारतो. त्या गाडीच्या नंबरावर काय काय साचलेले आहे, हे मात्र पुष्कळदा पैसे देऊन झाल्यावर कळते. आधीच्या मालकाने नो पार्किंगमध्ये गाडी लावून ओढवलेले दंड, बँकेचा न उतरलेला बोजा आणि संपलेला विमा या सगळ्याची नोंद त्या नंबरावर असते आणि गाडी विकली गेली म्हणून ती पुसली जात नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी नंबर तपासावा आणि तो स्वच्छ निघाला तरच मेकॅनिकला सोबत घेऊन गाडी बघायला जावे, असा माझा आग्रह आहे.

नंबर तपासण्याचे काम घरबसल्या होते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाची शेवटची चार अक्षरे टाकली की थकलेली चलने दिसतात. विक्रेता ही चार अक्षरे देण्यास टाळाटाळ करत असेल, तर तेथेच व्यवहार थांबवलेला बरा. चलनांची नुसती बेरीज न बघता प्रत्येक चलन उघडून वाचावे, कारण कोणत्या चौकात, किती वाजता आणि कशासाठी दंड झाला यावरून ती गाडी कशी वापरली गेली याचा चांगला अंदाज येतो. गाडी घरगुती आणि कमी चाललेली आहे, असे सांगणाऱ्याच्या नंबरावर द्रुतगती मार्गावरील अतिवेगाची चलने महिन्यामागून महिने दिसत असतील, तर त्या सांगण्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्व चलने विक्रेत्यानेच भरावीत आणि भरल्याची पावती दाखवावी, ही अट इसाराच्या कागदावर लिहून घ्यावी. ‘किमतीतून वजा करू’ हे बोलणे तोंडी राहते आणि पुढे आरटीओचे काम अडले की त्याचा त्रास खरेदीदारालाच होतो.

यानंतर एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, मालकांचा अनुक्रम आणि कर्जाचा बोजा या नोंदी बघून त्या आरसी बुकाशी ताडून पाहाव्यात. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी चोरीची नाही याची खात्री राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर करता येते. बाजारातून सीएनजी किट बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, तसेच टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाल्याचे प्रमाणपत्रही हवे. खासगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी पर्यावरण कर आणि दुरुस्तीचा खर्चही येतो, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी हा हिशेब आधी करावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे की नाही, तेही बघून घ्यावे.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. पुण्यापुरते बोलायचे तर सर्वांत फसवी गाडी म्हणजे पाण्यात बुडून निघालेली आणि नंतर धुऊन-पुसून विक्रीला ठेवलेली गाडी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेल्या मुठेच्या पाण्यात असंख्य वाहने सापडली होती. अशा गाडीचे बाहेरचे रूप पॉलिशने आणि आतले रूप नव्या सीटकव्हरने झाकता येते, पण काही जागा सहसा कोणी साफ करत नाही. सीटबेल्टचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढावा. रोज वापरात येणारा वरचा भाग स्वच्छ असतो, पण रिळावर कायम गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ किंवा बोटाला लागणारी बारीक माती सापडली, तर पाणी सीटच्या वर चढले होते हे उघड आहे. त्याचप्रमाणे स्टेपनी काढून खालच्या खळग्यात गाळ आहे का ते बघावे, सीटच्या रुळांवर आणि खालच्या नटबोल्टांवर गंज आहे का ते टॉर्चच्या उजेडात पाहावे आणि गालिचा एका कोपऱ्यातून उचलून वास घ्यावा. पाण्यात गेलेल्या गाडीचे इंजिन सुधारता येते, पण वायरिंगच्या जोडण्यांमध्ये चढलेला हिरवट गंज पुढे वर्ष-दीड वर्ष एकेक बिघाड दाखवत राहतो. त्यामुळे अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघातात सापडलेली गाडी ओळखणे त्या मानाने सोपे आहे. बॉनेट उघडून पुढच्या ॲप्रनवरचे, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावरचे, कंपनीचे स्पॉट वेल्डिंग (ठिपक्यांची जोडणी) दोन्ही बाजूंना सारखे आहे का ते पाहावे. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का आणि दरवाजांच्या फटी वरपासून खालपर्यंत एकसारख्या आहेत का, हेही नीट बघावे. एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असणे पुण्याच्या गर्दीत स्वाभाविक आहे, त्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. पिलर (छताला आधार देणारा खांब) किंवा चासी (गाडीचा सांगाडा) ठोकून सरळ केलेली असेल तर मात्र ती घेऊ नये.

मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवणे हा या बाजाराचा जुना रोग आहे आणि डिजिटल मीटर आल्याने तो गेलेला नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींतले किलोमीटर आणि तारखा एकापुढे एक ठेवल्या की खोटेपणा उघडा पडतो. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ती २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडी २०१९ ची आणि मीटर वीस हजारांचे, पण चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर कशाने झिजले हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. क्लचच्या पेडलचे रबर आणि स्टेअरिंगची झीज यांवरूनही गाडीचे खरे वय कळते.

इंजिन नेहमी थंड असतानाच ऐकावे. सकाळी लवकरची वेळ घ्यावी, गाडी आधी चालू करू नका असे सांगावे आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून बघावा. ते गरम असेल तर परत दुसऱ्या दिवशी जावे. चालू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खात आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसत असेल, तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी आणि तेथून निघावे. चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर संपवू नये. कात्रज घाटासारख्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लचप्लेट संपलेली आहे. गतिरोधकावरून जाताना काचा वर आणि गाणी बंद ठेवावीत, म्हणजे सस्पेन्शनची खटखट ऐकू येते. शेवटी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्यावा. विक्रेत्याचा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी त्याचे मत धरू नये.

व्यवहार ठरल्यावर ताबापावती करावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या मिनिटानंतरचे चलन कोणाचे हा वाद पुढे याच कागदावर मिटतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन हस्तांतरणाचा अर्ज लगेच करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी परराज्यातील असेल तर तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. विक्रेता उशीर करत असेल तर त्याला एक गोष्ट सांगावी. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे हस्तांतरणाची घाई खरे तर त्यालाच असायला हवी. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने आपोआप पुढे चालू राहते, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे राहत नाही आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच जातो.

आता आपल्या नावावर झालेल्या नंबरावर पुन्हा चलने साचू नयेत, यासाठी पुण्याचे फलक नीट वाचता आले पाहिजेत. निळ्या गोलात लाल कडा आणि एकच तिरपी लाल रेघ असेल तर तेथे गाडी लावून जाता येत नाही. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर तेथे थांबताही येत नाही, मग चालक आत बसलेला का असेना. निळ्या चौकोनातला पांढरा ‘पी’ म्हणजे पार्किंगची जागा, पण त्याच्याखालची छोटी पाटी न वाचता गाडी लावणे हीच पेठांमधली नेहमीची चूक आहे. ती जागा फक्त दुचाकींची आहे, ठरावीक वेळेची आहे किंवा पुढच्या ठरावीक अंतरापुरती आहे, हे त्या पाटीवर असते.

सर्वांत अधिक गोंधळ पी-१ आणि पी-२ या फलकांचा होतो. येथे तारीख सम की विषम यावरून रस्त्याची कोणती बाजू मोकळी ठेवायची ते ठरते. रात्री योग्य बाजूला लावलेली गाडी बारा वाजून गेल्यावर चुकीच्या बाजूची होते, हे लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ती हलवावी. मात्र महिना एकतीस दिवसांचा असेल तर ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम येतात, त्यामुळे त्या रात्रीनंतर बाजू बदलत नाही. सवयीने गाडी पलीकडे नेऊन लावणारा त्या दिवशी नेमका दंडाला पात्र ठरतो.

फलक नसला तरी पदपथावर, चौकाच्या किंवा वळणाच्या तोंडाशी, झेब्रा पट्ट्यांजवळ, बसथांब्यापाशी, शाळा-रुग्णालयाच्या प्रवेशद्वारासमोर आणि दुसऱ्या उभ्या गाडीच्या शेजारी गाडी लावण्यास नियमानेच मनाई आहे. ‘येथे पाटीच नव्हती’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा द्यावा लागतो. फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, बाजीराव रस्ता अशा एकेरी मार्गांवर जागा शोधत उलट्या दिशेने थोडेसे जाणे तर फारच महागात पडते, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात मोडते. लक्ष्मी रस्त्याला खरेदीला जायचे असेल तर मंडईतील मिनर्वा व आर्यन किंवा नारायण पेठेतील हमालवाडा या वाहनतळांत गाडी ठेवून पायी जाणे उत्तम. चलन चुकीचे आले असेल तर छायाचित्रासह ऑनलाइन तक्रार नोंदवावी आणि गाडी उभी असलेल्या जागेचा, फलकासकट, आपण काढलेला फोटो जोडावा.

एवढे करूनही गाडी सदोष निघाली तर आधी दुरुस्ती करू नये. प्रथम अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दोषाचा लेखी अहवाल आणि अंदाजपत्रक घ्यावे, मग विक्रेत्याला ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने नोटीस द्यावी. दुरुस्ती उरकल्यावर पुरावाच उरत नाही आणि चांगले प्रकरणही तेथे फसते. विक्रेता व्यावसायिक असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून भागले नाही, तर पुण्यातील जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही आणि तक्रारदार जेथे राहतो तेथेच दावा चालतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते, त्यामुळे ते आहे का हे खरेदीआधीच विचारावे. व्यापाऱ्याने दिलेली वॉरंटी कशाकशाला लागू नाही, ती यादीही आधीच वाचावी.

घरगुती मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीबाबत ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा मिळत नाही. तेथे भारतीय करार कायद्याचा आधार घ्यावा लागतो. माहीत असलेला दोष मुद्दाम लपवणे ही त्या कायद्याने फसवणूक ठरते आणि तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. मात्र विक्रेत्याला तो दोष माहीत होता हे आपल्याला सिद्ध करावे लागते. म्हणूनच गाडी पाण्यात गेलेली नाही, तिला मोठा अपघात झालेला नाही आणि मीटर बदललेले नाही, ही तीन वाक्ये इसाराच्या वेळीच विक्रेत्याच्या हस्ताक्षरात सहीसह लिहून घ्यावीत आणि पुढच्या व्हॉट्सॲपवरील बोलण्याची प्रतही जपून ठेवावी.