'ट्रेन' या शब्दाचे अर्थ कसे उलगडावेत

ठाण्याच्या फलाटावर 'ट्रेन लेट आहे' म्हणून कुरकुरणारा माणूस ऑफिसात पोहोचल्यावर 'आज ट्रेनिंग आहे' असे सांगतो, तेव्हा या दोन शब्दांचे मूळ एकच असेल अशी शंकाही त्याला येत नाही. ते शोधायचे कसे, हे याच शब्दावर पाहू.

प्रथम कोशातील सगळे अर्थ कागदावर उतरवावेत: आगगाडी, राजामागून चालणारा लवाजमा, वधूच्या झग्याचा जमिनीवर लोळणारा घोळ, विचारांची मालिका, शिकवणे, वेलाला वळण लावणे. लहान कोशात बहुधा प्रचलित अर्थ आधी येतो, त्यामुळे आगगाडी हाच मूळ अर्थ वाटतो. ऑक्सफर्डच्या बृहद्कोशात अर्थ कालक्रमाने मांडलेले असल्यामुळे शक्यतो तोच पाहावा. तिथे आगगाडी फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात येते.

मग व्युत्पत्ती वाचावी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी 'ओढणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद 'त्राहेरे' आहे. आता प्रत्येक अर्थाला 'इथे कोण काय ओढते?' असे विचारावे. झगा घोळ ओढतो, राजा लवाजमा ओढतो, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीचे १४ डबे तीन इंजिनांनी ओढले.

अडतो तो 'शिकवणे' हा अर्थ. त्यासाठी खिडकीच्या जाळीवर चढवलेला कारल्याचा वेल पाहावा: कोवळे टोक हलकेच ओढून सुतळीवर घेतले आणि सैलसर बांधले, की पुढची वाढ त्याच दिशेने होते. वेलाला असे वळण लावण्यासाठी वापरला जाणारा शब्द पुढे माणसालाही लागू झाला. (आपणही मुलांना 'वळण लावतो'च.)

शेवटी नात्यातले शब्द ताडून पाहावेत. ट्रॅक्टर, कॉन्ट्रॅक्ट, अट्रॅक्शन ही सगळी 'त्राहेरे'चीच भावंडे आहेत. मात्र नुसत्या अक्षरसाम्यावर विसंबू नये, कारण ताण या अर्थाचा 'स्ट्रेन' अगदी सख्खा वाटला तरी तो 'आवळणे' या अर्थाच्या 'स्त्रिंगेरे' या वेगळ्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे.