एकच ठिपका आला म्हणजे पदार्थ शुद्ध? पेपर क्रोमॅटोग्राफी करायची कशी आणि वाचायची कशी

काळ्या स्केचपेनची शाई बघून कुणालाही तो एकच रंग वाटेल, पण फिल्टर पेपरच्या पट्टीवर तिचा ठिपका देऊन पट्टीचं टोक पाण्यात सोडलं की थोड्याच वेळात त्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटे व्हायला लागतात. म्हणजे ते मिश्रण होतं. कागदावर असे घटक सुटे करण्यालाच पेपर क्रोमॅटोग्राफी म्हणतात. हे बहुतेकांना माहितीच असतं, घोळ होतो तो उलट बाजूने, ठिपका एकच राहिला की लगेच वहीत "शुद्ध पदार्थ" लिहून मोकळं व्हायचं. तेवढ्यावरून शुद्ध म्हणता येत नाही, आणि माझ्या मते या प्रयोगातली खरी शिकायची गोष्ट हीच आहे.

आधी मांडणी. कागद व्हॉटमन नंबर 1 मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलाही साधा फिल्टर पेपर चालतो, वहीचा गुळगुळीत कागद नको. खालच्या कडेपासून 2 सेंटीमीटरवर पेन्सिलने हलकी आडवी रेघ मारायची. पेन्सिलनेच, कारण ग्रॅफाइट पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, पेनची रेघ मारली तर ती शाईसुद्धा वर चढून सगळा घोळ करते. मग टूथपिक नाहीतर केशनळीने रेघेवर नमुना टेकवायचा, ठिपका 2-3 मिलीमीटरपेक्षा मोठा नको. फिका वाटला तर आधी पूर्ण वाळू द्या, मग त्याच जागी परत टेकवा, असं दोन-तीनदा. ओल्यावर ओलं दिलं की ठिपका पसरतो आणि वर जाताना त्याची लांब शेपटी होते, मग ती शेपटी आहे की दुसरा रंग आहे हेच कळत नाही.

आता भांडं. काचेच्या उंच ग्लासात किंवा बरणीत द्रावक (म्हणजे नमुना विरघळवणारा द्रव, पाणी किंवा अल्कोहोल) साधारण 1 सेंटीमीटर भरा, म्हणजे पातळी पेन्सिलच्या रेघेच्या खालीच राहिली पाहिजे. ठिपकाच बुडाला तर नमुना वर चढण्याऐवजी खालच्या द्रावकात विरघळून जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पट्टी आडव्या पेन्सिलीला टांगा, काचेला चिकटू देऊ नका नाहीतर द्रावक एका बाजूने भराभर चढतो आणि ठिपके तिरके पळतात. वरून झाकण ठेवा, त्याने आत वाफ भरून राहते आणि कागद मधेच सुकत नाही. पट्टी लावल्यावर भांडं हलवायचं नाही.

आत काय चाललेलं असतं तर कागदाच्या सेल्युलोजने पाणी धरून ठेवलेलं असतं आणि द्रावक केशाकर्षणाने वर सरकत असतो, प्रत्येक रंगाची या दोघांत ओढाताण होते, ज्याला द्रावक जास्त मानवतो तो पुढे जातो आणि ज्याला कागद धरून ठेवतो तो मागे राहतो.

द्रावक वरच्या कडेपासून 1 सेंटीमीटरवर आला की पट्टी बाहेर काढा आणि तो जिथे पोचला तिथे लगेच पेन्सिलने खूण करा, कारण वाळल्यावर ती ओली कड दिसत नाही. मग आरएफ काढायचा, म्हणजे ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर. दोन्ही अंतरं पेन्सिलच्या रेघेपासून मोजायची, कागदाच्या कडेपासून नाही, आणि ठिपक्याचा मध्य धरायचा. द्रावक 8 सेंटीमीटर गेला आणि ठिपका 6, तर आरएफ 0.75. किंमत 0 ते 1 मध्येच येते, 1 च्या वर आली तर मोजण्यात चूक आहे.

आता वाचायचं कसं. नीट सुटे झालेले दोन किंवा जास्त ठिपके दिसले तर मिश्रण, विषय संपला. एकच ठिपका असेल तर आधी तो कुठे आहे ते बघा. रेघेवरच बसून राहिला असेल तर त्या द्रावकात तो विरघळलेलाच नाही, परमनंट मार्करची शाई पाण्यात अशीच वागते, तिला अल्कोहोल लावून बघा. ठिपका थेट द्रावकाच्या कडेबरोबर वर गेला असेल तर कागदाने काहीच धरलं नाही, म्हणजे पाच रंग असले तरी पाचही एकत्रच पळाले असतील. या दोन्ही वेळेला पट्टीने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. ठिपका मधे कुठेतरी थांबला तर बरी खूण आहे, तरी दोन वेगळ्या पदार्थांचा आरएफ एका द्रावकात सारखा येऊ शकतो, म्हणून द्रावक बदलून परत करा. दोन-तीन वेगळ्या द्रावकांत एकच ठिपका राहिला तर शुद्ध असण्याची शक्यता खूप वाढते. शेजारी त्याच रेघेवर माहितीतल्या शुद्ध नमुन्याचा ठिपका दिला तर अजून चांगलं, कारण दोघं वेगळ्या उंचीवर थांबले तर ते नक्की वेगळे. सारख्या उंचीवर थांबले तर मात्र "कदाचित एकच" इतकंच म्हणायचं.

1944 मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी कागदावर अमिनो आम्लं वेगळी करताना याच अडचणीवर फार सुंदर उपाय वापरला. चौकोनी कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यायचा, एका द्रावकात चालवायचा, वाळवायचा, मग कागद 90 अंशांत फिरवून दुसऱ्या द्रावकात चालवायचा. पहिल्या फेरीत जे एकावर एक बसले होते ते दुसऱ्या फेरीत बाजूला सरकतात. (मार्टिन आणि सिंज यांना 1952 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या पार्टिशन क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे दोन द्रवांत पदार्थ कमीजास्त वाटले जातात त्यावरून ते वेगळे करण्यासाठी.) स्केचपेनच्या शाईवरसुद्धा हे करता येतं, एकदा पाणी आणि एकदा पाणी मिसळलेलं अल्कोहोल घेऊन, जरूर करून बघा.

राहिले बिनरंगी पदार्थ. एक रंगीत ठिपका दिसला म्हणून त्यात रंग नसलेलं काही मिसळलेलं नाही असं होत नाही, ते डोळ्याला दिसत नाही इतकंच. काही पदार्थ यूव्ही दिव्याखाली दिसतात. अमिनो आम्लांसाठी कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन फवारून गरम करतात, बहुतेक ठिपके जांभळे होतात आणि प्रोलिनचा पिवळा येतो. हे प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवून करायचं. आणि हातमोजे फवारतानाच नाही तर कागद पहिल्यांदा हातात घेण्याआधीच घाला, कारण घामातही अमिनो आम्लं असतात आणि उघड्या बोटांनी कागद धरला असेल तर फवारल्यावर तुमच्या बोटांचे ठसेच जांभळे होऊन उमटतात आणि मग नमुन्याचा ठिपका कुठला आणि बोटाचा कुठला हे ओळखत बसावं लागतं.